सदतीस नावांची यादी

सोमवार, ४

आज धाकटीचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे आता ती वॉर्डाच्या निवडणुकीतली अधिकृत उमेदवार आणि मी, तिचा थोरला भाऊ, तिचा अधिकृत खजिनदार. खजिना म्हणाल तर स्वयंपाकघरात साखरेच्या शेजारी ठेवलेला एक डबा, त्यात तिच्या शेवटच्या पगारातली शिल्लक. समोर आहेत विद्यमान. गेली पंधरा वर्षं तेच निवडून येतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच 'विद्यमान' पडलंय. त्यांचे फलक आजच चौकात लागले. आमच्याकडे फलक सोडा, बांधायला सुतळी नाही.

धाकटी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. वॉर्डाच्या दवाखान्यात अठरा वर्षं नर्स होती. विद्यमानांनी दवाखाना बंद करून तिथे गाड्या लावायची जागा केली, तेव्हा तिने बदली नाकारली, नोकरी सोडली आणि मला म्हणाली, "दादा, मी उभी राहतेय." मी खूप समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

असो. एकतीस वर्षं विम्याचे हप्ते गोळा केलेत मी, आणि एका ग्राहकाची तक्रार नाही. माणसाला पैसे द्यायला लावणं हे शास्त्र आहे. वहीत योजना लिहून काढली. आधी फोन, मग दारोदार, मग मोठे मासे. पंधरा तारखेच्या आत पत्रकांचे आणि भोंग्याच्या गाडीचे पैसे उभे राहिलेच पाहिजेत, नाहीतर ती निवडणुकीत आहे हेच कोणाला कळणार नाही. मतदान एकतीसला, रविवारी.

सौ.ला योजना वाचून दाखवली. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "अहो, सगळं छान आहे, पण यात धाकटी कुठे आहे?" बायकांना शास्त्र कळत नाही.

बुधवार, ६

आजपासून फोन. खिडकीपाशी टेबल लावलं, साठ जणांचे नंबर लिहून दिले, काय बोलायचं ती तीन वाक्यं जाड अक्षरात समोर चिकटवली. माणशी तीन मिनिटं. दहा ते बारा, चाळीस फोन व्हायला हवेत.

झाले सहा.

पहिलाच फोन एका निवृत्त बाईंना. पंचवीस मिनिटं चालला. मी समोर उभा राहून घड्याळ दाखवतोय आणि ही विचारतेय, "सूज सकाळी जास्त असते की संध्याकाळी?" पैसे मागायचे सोडून गुडघ्याला शेक सांगते. शेवटी त्या बाईंनीच विचारलं असावं, कारण धाकटी म्हणाली, "नाही हो, काम काही नव्हतं, सहज केला होता." मी कपाळावर हात मारला.

"अगं, मागायचं राहिलं," मी म्हणालो.

"दादा, तिला तीन महिने औषध नाही. दवाखानाच नाही. तिच्याकडे कसे मागू?"

"तिच्याकडेच मागायचे. दवाखान्यासाठीच तर उभी आहेस."

ती म्हणाली, "उद्या मागते." मला काही आशा नाही. हिला उमेदवार करण्यापेक्षा एखाद्या मुक्या माणसाला केलं असतं तर निदान फोनचं बिल वाचलं असतं.

शनिवार, ९

फोनचा नाद सोडला. आता दारोदार मीच जातोय. आणि हे लिहिताना मला अभिमान वाटतो की तीन दिवसांत सदतीस नावं झाली.

युक्ती जुनीच आहे. माणूस पैशाला घाबरत नाही, एकटं पडायला घाबरतो. म्हणून कुणाकडेही गेलं की आधी मागायचं नाही, वही उघडून समोर ठेवायची. हे बघा, तुमच्या समोरच्या शिंप्याने दिले. हे बघा, शिकवणीच्या बाईंनी दिले. एकाची सही दाखवली की दुसऱ्याचं पेन उघडतं. विम्यात याच युक्तीवर मी अख्ख्या गल्ल्या घेतल्यात. त्यासाठी यादी स्वच्छ हवी. नाव, धंदा, बसायची जागा, रक्कम, सगळं माझ्या अक्षरात. माझ्या अक्षराला साहेब लोक छापील म्हणायचे.

रकमा मात्र चिल्लर. इस्त्रीवाल्या मावशींनी दिवसाची कमाई दिली. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने तेवढीच. तो माझा वीस वर्षांचा ग्राहक, कधी हप्ता चुकवला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, नाव लिहायलाच हवं का?"

मी म्हणालो, "हिशोब चोख पाहिजे. उद्या निवडणूक कार्यालयाने विचारलं तर?"

"त्यांना दाखवा की. मी आपलं सहज विचारलं," तो म्हणाला आणि सही केली.

दात कोरून पोट भरत नाही हेही खरं. सदतीस जणांचे मिळून अर्धी पत्रकंसुद्धा होत नाहीत. आता मोठा मासा.

मंगळवार, १२

आजचा दिवस सोन्याचा. शीतगृहाच्या मालकाने भेटायला बोलावलं. सगळे त्याला बर्फशेठ म्हणतात, पण माणूस गरम निघाला. गादीची खुर्ची, कपबशीतून चहा, स्वतः उठून दारापर्यंत आला.

म्हणाला, "विद्यमानांना मी कंटाळलोय. पण मी धंदेवाला माणूस. मला सांगा, तुमच्या ताईंच्या मागे खरोखर आहे कोण?"

मी मनात म्हटलं, आलास बरोबर जागेवर. वही काढली. त्याने चष्मा लावून एकेक नाव वाचलं. इतक्या आस्थेने माझ्या वहीकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं, माझ्या साहेबांनीही नाही. "चावीवाला कुठल्या कोपऱ्यावर बसतो?" "ही इस्त्रीची गाडी म्हणजे शाळेच्या भिंतीची ना?" सगळं विचारलं. मग मुनिमाला बोलावून म्हणाला, चेकवर नाव बरोबर यायला हवं, वही आत घेऊन जा. दहा मिनिटांनी वही परत आली, सोबत दुसरा चहा. मुनीम म्हणाला, आमच्या दफ्तरासाठी एक झेरॉक्स काढून ठेवलीय. व्यवस्थित माणसं. आपल्याकडे अशी शिस्त असती तर.

आकडा त्याने स्वतः सांगितला. सगळी पत्रकं, भोंग्याची गाडी, वर मतदानाच्या दिवसाचा मांडवसुद्धा. चेक शुक्रवारपर्यंत घरपोच.

घरी आल्यावर धाकटीला सांगितलं. नाचेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तो का देतोय?"

"चांगल्या कामाला देतोय."

"दादा, त्याच्या शीतगृहाच्या गाड्या कुठे लागतात माहीत आहे का तुला? आपल्या दवाखान्यात."

मी म्हणालो, म्हणूनच. मनाला लागलं असेल त्याच्या. तिने चेहरा असा केला की माझा सोन्याचा दिवस पितळेचा झाला.

शुक्रवार, १५

चेक नाही. दोनदा फोन केला. मुनीम म्हणतो, शेठ बाहेरगावी आहेत.

छापखान्याने आगाऊ रक्कम मागितली. मी सोमवारचा वायदा केला. आयुष्यात पहिल्यांदा हप्ता चुकवणाऱ्याच्या तोंडची वाक्यं माझ्या तोंडी आली.

सोमवार, १८

लोकांना झालंय काय?

सकाळी शिंपी आला. उंबऱ्यातच उभा. म्हणाला, पैसे राहू द्या, पण यादीतून नाव काढता आलं तर बघा. कारण विचारलं तर म्हणे असंच. दुपारी शिकवणीच्या बाई, तेच. संध्याकाळपर्यंत पाच जण. मी प्रत्येकाला सांगितलं, वहीत खाडाखोड होत नसते. एकतीस वर्षांत मी पांढरी शाई वापरलेली नाही.

इस्त्रीवाल्या मावशींची गाडी शाळेच्या भिंतीला नव्हती. शेजारचा म्हणाला, नेली. दुरुस्तीला नेली असणार, एक चाक डुगडुगत होतंच. माझे चार शर्ट त्यात आहेत. आता प्रचाराला काय घालू?

चावीवालासुद्धा जागेवर नाही. चांगला धंद्याचा हंगाम, आणि हे सुट्ट्या घेतात. मग म्हणायचं, परवडत नाही.

बर्फशेठकडे चार फोन. मुनीम म्हणाला, मीटिंगमध्ये आहेत.

मंगळवार, १९

धाकटीने आज माझ्याकडून वही काढून घेतली. घेतली म्हणजे सरळ हातातून. "पैसे मागणं आजपासून बंद," म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हणून."

"पत्रकं?"

"नकोत पत्रकं. मी जाईन घरोघर."

"सहा हजार घरं? बारा दिवसांत?"

"जेवढी होतील तेवढी." आणि वही स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली पदराला.

माझ्या मांडीवर बसून जिने अक्षरं गिरवली ती मला हे सांगते. मी सौ.ला म्हणालो, हिला कोणीतरी भरवलंय. सौ. म्हणाली, "अहो, तिला दोन दिवस काही विचारू नका." दोघींचं काहीतरी गुळपीठ आहे. मला या घरात खजिनदार म्हणतात आणि कपाटाची किल्ली देत नाहीत.

गुरुवार, २१

आज भांडण झालं, आणि मी बोलू नये ते बोललो. लिहून ठेवतो.

धाकटीने स्कूटर विकली. मला गॅरेजवाल्याकडून कळलं. मला वाटलं, चला, सुचलं शहाणपण, छापखान्याचे पैसे आले. डबा उघडला. डब्यात जेवढे होते तेवढेच.

मी विचारलं, "स्कूटरचे पैसे कुठे आहेत?"

"खर्च झाले."

"कशावर? पावती?"

"ते निवडणुकीचे नाहीत, दादा. माझे होते."

"निवडणुकीला पायी फिरतेस आणि तुझे म्हणतेस? दिवसभर कुठे असतेस? प्रचाराला म्हणून जातेस आणि काल तुला पालिकेच्या गोदामापाशी पाहिलं म्हणे कोणी. गोदामात मतदार राहतात का? मी तुझ्यासाठी दारोदार हात पसरले. या वयात. लोक तुझ्यापायी माझ्याकडे पाठ फिरवतात आणि तू मजा बघतेस. उभं राहायची लायकी नव्हती तर राहायचं नव्हतं."

ती ऐकत राहिली. डोळे सुजलेले होते, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. मग म्हणाली, "झालं बोलून? जेवून घे. तुझी गोळी जेवणानंतरची आहे."

मला आणखीनच राग आला. भांडणात समोरचा भांडला नाही की आपणच मूर्ख दिसतो.

शनिवार, २३

बर्फशेठला अकरावा फोन. मुनीम आता नुसता "हं" म्हणतो आणि ठेवतो.

विद्यमानांच्या तीन भोंग्यांच्या गाड्या दिवसभर घराखालून गेल्या. धाकटी छत्री घेऊन उन्हात. मी खिडकीत. चिडचिड होते नुसती, कोणावर काढावी कळत नाही.

सोमवार, २५

हे लिहायला बसलोय, पण हात चालत नाही.

सकाळी मी चावीवाल्याच्या घरी गेलो. परवा त्याचाही निरोप आला होता, नाव काढा. म्हटलं बाकीच्यांचं ठीक, पण वीस वर्षांचा संबंध आहे, याला चार शब्द सुनवायचेच. एक खोली. त्याची हत्यारं जमिनीवर फडक्यात बांधून ठेवलेली. त्याने खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हणालो. "विद्यमानांनी डोळे वटारले आणि तुम्ही शेपूट घातलंत?"

तो म्हणाला, "बसा भाऊ."

"नाही बसत. माझी बहीण उन्हात मरतेय आणि तुम्ही सगळे घरात बसून नावं काढताय."

त्याची बायको आतून बोलली, "आता सांगून टाका. किती दिवस ऐकून घेणार?"

मग त्याने सांगितलं. अतिक्रमणवाल्यांची गाडी चौदा तारखेला आली. साहेबाच्या हातात एक कागद होता. तो वरून खाली वाचत होता आणि त्या क्रमाने उचलत होता. आधी मावशींची इस्त्रीची गाडी, मग याची पेटी. शिंप्याला दुकानाबाहेरच्या फळीची नोटीस, शिकवणीच्या बाईंना रस्त्यावर उतरणाऱ्या जिन्याची. शेजारचा पानवाला, त्याच फुटपाथवरचा, त्याला हातही लावला नाही. तो कागदात नव्हता.

"कागद माझ्यासमोर धरला होता त्यांनी," तो म्हणाला. "भाऊ, अक्षर तुमचं होतं. वीस वर्षं तुमच्या पावत्या सांभाळल्यात मी. अक्षर ओळखणार नाही का?"

मी बसलो.

"मला का नाही सांगितलंत?"

"ताई म्हणाल्या, दादाला सांगू नका. निवडणूक झाली की मी सांगेन म्हणाल्या. त्यांनी मावशींची गाडी दंड भरून सोडवली गोदामातून. माझी पेटी अजून अडकलीय. रोज जातात बिचाऱ्या."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, "सगळ्यांना."

सदतीसच्या सदतीस जणांना. ज्यांच्या दारात मी गेला आठवडाभर खाडाखोडीवर भाषण देत होतो, त्या सगळ्यांना. एकाने मला तोंडावर म्हटलं नाही की म्हाताऱ्या, हे तू केलंस. उलट पाणी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते आज कळलं. एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही असं मी सांगत फिरतो. तक्रार नसण्याचं कारण मी चांगला होतो हे नसेलही.

मंगळवार, २६

धाकटीशी बोललो. माफी मागायची पाठ केली होती, पण तिला बघून नुसता रडलो. ती पाठीवर हात फिरवत राहिली, रुग्णाच्या फिरवावा तसा.

म्हणाली, "मीही तुला आधीच थांबवायला हवं होतं. मला मागायची लाज वाटते म्हणून तुला पुढे केलं. मला बरं वाटत होतं, दादा मागतोय, माझे हात स्वच्छ."

मग मी माझा विचार सांगितला. निवडणूक कार्यालयात लेखी द्यायचं. यादी मी बर्फशेठला कधी दाखवली, झेरॉक्स कोणी काढली, दोन दिवसांनी तीच साहेबाच्या हातात कशी आली. माझ्याशिवाय हे कोणी सांगू शकत नाही. चावीवाल्याचं 'अक्षर ओळखलं' कोण ऐकणार? ज्याचं अक्षर आहे त्यानेच म्हणायला हवं.

धाकटी म्हणाली, "तू हे दिलंस की विद्यमान ते छापून वाटतील. उमेदवाराचा भाऊच देणाऱ्यांची नावं वाटतो म्हणून. मी पडेन, दादा."

"हो."

"आणि नाही दिलंस तर?"

"तर पेटी गोदामातच राहील. आणि पुढच्या वेळी कोणी कोणालाच काही देणार नाही."

ती उठली. मला वाटलं, गेली रागावून. ती कपाटातून वही घेऊन आली आणि कोरे कागद. म्हणाली, "सावकाश लिही. नीट अक्षरात."

चार पानं झाली. कार्यालयातल्या बाईंनी दोनदा विचारलं, "आजोबा, हे तुमच्यावरच येईल, कळतंय ना?" मी म्हणालो, कळतंय. यादी मात्र जोडली नाही. त्या म्हणाल्या, नावं द्या. मी म्हणालो, ज्यांना द्यायची असतील ते स्वतः येऊन देतील. चार वाजता चावीवाला आला, मागून शिकवणीच्या बाई आल्या. बाकीचे आले नाहीत. न येवोत.

गुरुवार, २८

मतदान होईपर्यंत सगळ्या नोटिसांना स्थगिती. पेटी मिळाली, एक कडी तुटलेली.

आणि विद्यमानांचं पत्रक आलं. गुळगुळीत कागद, माझ्या जबाबातल्या ओळी, वर मथळा: 'यांना पैसे द्याल? यांच्या घरातूनच तुमचं नाव बाहेर जाईल.' यात खोटं काय आहे ते मी खूप शोधलं. सहा हजार घरांत पोचलं एका सकाळीत. आम्हाला एक पत्रक छापता आलं नाही.

दळणाच्या गिरणीपाशी एक अनोळखी बाई मला बघून शेजारणीच्या कानाशी लागली. मी दळण घेतलं आणि घरी आलो. घरी येऊन सौ.वर ओरडलो, दळण जाडं आहे म्हणून. ते बारीक होतं.

रविवार, ३१

मतदान. शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांवर दोन टेबलं, मतदार यादीतला क्रमांक शोधून चिठ्ठी द्यायला. विद्यमानांचं मांडव घातलेलं, आमचं झाडाखाली, भिंतीलगत. मी म्हटलं होतं, मी घरीच थांबतो. धाकटी म्हणाली, "तू लपलास तर मला लपावं लागेल." म्हणून बसलो.

पहिल्या तासात इस्त्रीवाल्या मावशी आल्या. माझ्याकडे न बघता सरळ पुढे गेल्या, विद्यमानांच्या टेबलाशी हसून बोलल्या, तिथूनच चिठ्ठी घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवयच ती. स्कूटर विकून हिची गाडी सोडवली, आणि ही! मग शिंपी, तोही तिकडेच. मी पेन काढलं. कोण कुठून चिठ्ठी घेतो हे वहीच्या मागच्या पानावर टिपायला लागलो. तीन नावं लिहिलीसुद्धा.

तेवढ्यात विद्यमानांच्या टेबलाकडे लक्ष गेलं. त्यांचा माणूसही वहीत तेच करत होता. आमच्या टेबलाशी कोण थांबतं, तो लिहून घेत होता.

मी पान फाडलं. बारीक तुकडे करून खिशात घातले. चावीवाला समोरून येत होता, माझा हात ओळखीने वर जाणारच होता, तो मी टेबलाखाली ठेवला. मग खुर्चीच फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. कोणी चिठ्ठी मागितली तर वळून द्यायची, पुन्हा भिंत. दिवसभर पावलं ऐकू येत होती मागून. थांबली कोणाची आणि पुढे गेली कोणाची, मी पाहिलं नाही. येणारेजाणारे हसत असतील. हसोत.

पाच वाजता धाकटी आली. दिवसभर उभी होती, आवाज बसला होता.

"दादा, असा काय बसलायस?"

मी खिशातले तुकडे चाचपले.

"आपल्यातले किती येऊन गेले?"

"मोजले नाहीत."

"एकही मोजला नाहीस?"

"एकही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलामागची दुसरी खुर्ची ओढली, फिरवली, आणि माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली. मतदान संपायला अजून तासभर होता.